जतन न करता बंद

आपल्या हातून दिवसभरात कितीतरी गोष्टी बंद होतात. घराचे दार, दुकानाची फळी, हिशेबाची वही, विहिरीवरचा पंप. यांपैकी एकही वस्तू बंद होण्यापूर्वी आपल्याला प्रश्न विचारीत नाही. संगणकावरील हिशेबाचा तक्ता मात्र विचारतो. उजव्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारताच पडद्यावर एक लहानशी चौकट उभी राहते आणि पृच्छा करते : केलेले बदल जतन करायचे आहेत काय? खाली तीन बटणे असतात. जतन करा, जतन करू नका, रद्द करा. पहिल्याने काम टिकते, दुसऱ्याने ते नाहीसे होते आणि तिसऱ्याने आपण पुन्हा कामाच्या जागी येऊन बसतो.

घाईत असलेल्या माणसाला ही चौकट कटकटीची वाटते, आणि तिला गप्प करण्याचा उपाय त्याच संगणकात आहे. दोनतीन ओळींची एक आज्ञा फाईलमध्ये लिहून ठेवली की फाईल काहीही न विचारता, काहीही जतन न करता मुकाट्याने बंद होते. अशा लिहून ठेवलेल्या आज्ञांना मॅक्रो म्हणतात. वरवर पाहता हा विषय एखाद्या संगणकवर्गात शोभावा असा आहे. परंतु वज्रेश्वरीच्या परिसरात राहताना या दोन ओळी माणसाच्या मजुरीपर्यंत आणि त्याच्या शब्दाच्या किमतीपर्यंत कशा जाऊन पोहोचतात, हे मी जवळून पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

वज्रेश्वरी म्हटले की बाहेरच्या माणसाला तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे आठवतात, अकलोली आणि गणेशपुरी आठवते, टेकडीवरील देवीचे किल्ल्यासारखे मंदिर आठवते. येथे राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र पहाटेची कामावर निघालेली माणसे येतात. भिवंडी तालुक्याच्या या टोकावरून पूर्वी लोक भातशेतीवर, वीटभट्टीवर किंवा भिवंडीच्या यंत्रमागांवर जात. आज त्यांतले पुष्कळ गोदामांत जातात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला म्हणून माणकोली, वडपे, पडघा या बाजूला गोदामे वाढत गेली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली; गोदामे मात्र गेली नाहीत, उलट त्यांची छपरे अधिक रुंद झाली. मुंबईच्या एखाद्या घरात मागवलेला मिक्सर किंवा साडी पुष्कळदा इथल्याच छपराखाली एक-दोन रात्री मुक्काम करून पुढे जाते.

या गोदामांत दोन प्रकारची माणसे काम करतात. एक माल उचलणारी आणि दुसरी मालाची नोंद करणारी. कित्येकदा ती एकाच पाड्यावरची, क्वचित एकाच घरातलीही असतात. बाप गाडी रिकामी करतो आणि बारावी झालेली मुलगी एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राच्या बळावर आत संगणकापाशी बसते. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला आणि आपल्याकडच्या पुष्कळ मुलामुलींची एक्सेलशी पहिली भेट त्याच वर्गात झाली. बापाचा घाम मुलीच्या पडद्यावर आकडा होऊन उमटतो. तो आकडा टिकला तर घामाला दाम मिळते.

या तक्त्याचा जन्मच मुळी पुसण्याच्या त्रासातून झाला. १९७८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचे कोष्टक मांडीत होते. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे पुसणे आणि लिहिणे यंत्रानेच केले तर, असा विचार त्याच्या मनात आला. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केले आणि १९७९ साली ते बाजारात आले. पुढे १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे एक्सेल मॅकिंटॉश संगणकासाठी आणि १९८७ साली विंडोजसाठी निघाले. १९९३ साली त्यात व्हिज्युअल बेसिक ही भाषा जोडण्यात आली आणि यंत्राला आज्ञा लिहून देणे साध्या कारकुनाच्याही आवाक्यात आले. फळ्यावर पुसलेल्या आकड्याचा पांढरट डाग तरी मागे राहतो. तक्त्यातून गेलेल्या आकड्याचा डागही राहत नाही. त्या प्रश्नार्थक चौकटीचे महत्त्व इथे आहे.

आता एक चमत्कारिक गोष्ट. आपण फाईल उघडली, नुसती पाहिली, कशालाही हात लावला नाही, तरी बंद करताना ती विचारते : बदल जतन करायचे काय? माणूस गोंधळतो. मी काय बदलले? त्याने काहीच बदललेले नसते. बदल काळाने केलेला असतो. 'टुडे' हे सूत्र आजची तारीख दाखवते, 'नाऊ' हे सूत्र आताची वेळ दाखवते, 'रँड' दर वेळी नवी यादृच्छिक संख्या देते. 'ऑफसेट' आणि 'इनडायरेक्ट' ही सूत्रेही त्याच चंचल जातीची. फाईल उघडली की ही सूत्रे आपले गणित पुन्हा मांडतात, आणि एक्सेलला वाटते की फाईल बदलली. जुन्या आवृत्तीत तयार झालेली फाईल नव्या आवृत्तीत उघडली तरीही असेच होते, कारण नवी आवृत्ती सारी आकडेमोड नव्याने करते. म्हणजे तो प्रश्न दर वेळी माणसाच्या कामाविषयी असतोच असे नाही. कधी तो केवळ घड्याळाविषयी असतो.

दिवसातून वीस वेळा विनाकारण विचारला जाणारा प्रश्न माणूस वाचेनासा होतो. त्याचे बोट आपोआप 'जतन करू नका'वर जाते, आणि एकविसाव्या वेळी प्रश्न खरा असला तरी बोट तिथेच जाते. म्हणून ही चौकट बंद करावी असे वाटणे हा काही आळस नव्हे. खोट्या घंटेला गप्प करणे कधीकधी खऱ्या घंटेच्या हिताचेही असते. प्रश्न आहे तो गप्प कसे करायचे याचा.

त्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिली आज्ञा अशी : 'धिसवर्कबुक.क्लोज सेव्हचेंजेस:=फॉल्स'. तिचा सरळ अर्थ, ही फाईल बंद कर आणि बदल ठेवू नकोस. 'धिसवर्कबुक'च्या जागी 'ॲक्टिव्हवर्कबुक' लिहिले तर त्या क्षणी पडद्यावर जी फाईल पुढे असेल ती बंद होते, मग ती दुसऱ्या कुणाची असली तरी. एका शब्दाने शेजाऱ्याचे काम बुडू शकते. दुसरी रीत 'ॲप्लिकेशन.डिस्प्लेअलर्ट्स = फॉल्स' ही. ती एक्सेलला सांगते की मॅक्रो चालू असेतो कोणतीच सूचना दाखवू नकोस. एका कटकट्या माणसाला गप्प करण्यासाठी साऱ्या सभेच्या तोंडावर हात ठेवावा, तसा हा प्रकार. तिसरी रीत सर्वांत लोकप्रिय, कारण ती सर्वांत लहान आहे : 'मी.सेव्ह्ड = ट्रू'. फाईल बंद होण्याच्या ऐन क्षणी, चौकट येण्याच्या आधी एक्सेल एका विशिष्ट जागी लिहिलेल्या आज्ञा पाळते. त्या जागी ही ओळ ठेवली की चौकट येतच नाही.

आमच्या परिसरातील एक तरुण अशाच एका गोदामात कामाला आहे. साठ्याचा दैनंदिन अहवाल तो तयार करी. अहवालाच्या माथ्यावर तारीख आणि वेळ दाखवणारे सूत्र होते. त्यामुळे फाईल नुसती पाहिली तरी बंद करताना चौकट येई. सुपरवायझरला ती फाईल दिवसातून कितीदा तरी उघडावी लागे. एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "बाबा रे, हे विचारणं बंद कर एकदाचं." मुलगा हुशार. रात्री मोबाइलवर शोधाशोध करून त्याने ती तिसऱ्या रीतीची ओळ फाईलमध्ये बसवली. दुसऱ्या दिवशी चौकट आली नाही. त्याला शाबासकी मिळाली, आणि पुढचे कित्येक महिने सारे सुरळीत चालले.

मग दिवाळीपूर्वीची घाई आली. मालाच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत लागू लागल्या आणि लोडरांना जादा वेळ थांबावे लागले. सुपरवायझरने सोयीसाठी त्याच फाईलमध्ये ओव्हरटाईमचे एक नवे पान जोडले. ते भरण्याचे काम रात्रपाळीच्या मुलीकडे आले. आठवडाभर तिने प्रत्येकाचे जादा तास चिठ्ठ्यांवर टिपून ठेवले आणि शनिवारी रात्री एका बैठकीत सतरा माणसांचे तास फाईलमध्ये चढवले. बेरीज तपासली. ती जुळली. तिने फुलीवर टिचकी मारली. फाईल बंद झाली. चौकट आली नाही. तिने चिठ्ठ्या फाडून टोपलीत टाकल्या.

पुढे मी तिला विचारले, "अगं, सेव्हचं बटण दाबलं नव्हतंस का?" ती म्हणाली, "फादर, इतर फाईली विचारतात ना बंद करताना. हिनं विचारलं नाही, म्हणजे झालं असेल आपोआप. मोबाइलमध्ये सगळं आपोआपच राहतं." तिचे हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. आमच्या पिढीला मौन म्हणजे धोका वाटे. काही ऐकू आले नाही तर आम्ही उठून पाहत असू. आजच्या मुलांना यंत्राचे मौन म्हणजे अभय वाटते. यात त्यांचा दोष नाही; त्यांच्या हातातील यंत्रांनी त्यांना हेच शिकवले आहे.

पगाराच्या दिवशी त्या सतरा जणांच्या ओव्हरटाईमच्या रकान्यात शून्य होते. फाईल उघडली; पान कोरे. मुलगी म्हणाली, मी भरले होते. फाईल म्हणत होती, नाही. ठेकेदाराने निकाल दिला, "कम्प्युटर खोटं बोलत नाही." त्या सतरा जणांतले पुष्कळ आजूबाजूच्या पाड्यांवरचे कातकरी आणि वारली. त्यांच्यापाशी त्यांच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. दिवाळी तोंडावर आलेली, किराण्याची उधारी या पैशांवर बेतलेली. त्यांच्यातल्या एकाची बायको मला म्हणाली, "आमचा माणूस रात्री दोनला घरी यायचा, ते मी बघितलंय. कम्प्युटरनं नसंल बघितलं." न्यायाची सारी मीमांसा त्या बाईच्या दोन वाक्यांत होती. माणूस एका बाजूला, तक्ता दुसऱ्या बाजूला, आणि तक्ता अधिक विश्वासार्ह ठरलेला.

तिसऱ्या दिवशी तो तरुण माझ्याकडे आला. काय घडले असावे ते त्याला एव्हाना उमगले होते. व्हरांड्यातल्या बाकावर बसून बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, मी कुणाचा आकडा खोडला नाही हो. मी फक्त ती चौकट बंद केली." मी त्याला ती ओळ दाखवायला सांगितली. चर्चचे हिशेब मी अनेक वर्षे एक्सेलमध्ये ठेवीत आलो आहे, त्यामुळे ही भाषा मला अगदीच परकी नाही. त्याने मोबाइलवर काढलेला फोटो पुढे केला. 'मी.सेव्ह्ड = ट्रू'.

"वाच ना, ही ओळ काय म्हणते?"

"म्हणजे... विचारू नकोस."

"तसं कुठं म्हणते? नीट वाच."

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "सेव्ह झालंय, असं म्हणते."

"आणि झालेलं असतं का?"

त्याने मान हलवली.

या प्रकरणाचे मर्म इथे आहे. 'सेव्ह्ड' ही फाईलच्या अंगावरची केवळ एक खूण आहे. ती 'ट्रू' केली म्हणून एक अक्षरही तबकडीवर लिहिले जात नाही. आपण एक्सेलला एवढेच सांगतो की सारे जतन झाले आहे, आणि एक्सेल बिचारे विश्वास ठेवून निघून जाते. देवनागरीत लिहिली की ही ओळ आणखी विलक्षण दिसते. इंग्रजीत 'मी' म्हणजे 'ही फाईल स्वतः'. मराठीत तो अहंकाराचा पहिला शब्द. आणि 'सेव्ह्ड' म्हणजे जतन झालेले, तसेच तारण पावलेलेही. मी तारला गेलो आहे, हे सत्य. मंदिरात उभे राहून स्वतःच्या धार्मिकतेची ग्वाही देणारा लूकच्या शुभवर्तमानातील परुशी मला आठवला. त्या मुलाची मनःस्थिती पाहून मी हे त्याला तेव्हा बोललो नाही.

पहिल्या रीतीची ओळही काम नाहीसेच करते. परिणाम पाहिला तर दोन्ही ओळी सारख्या. परंतु पहिली म्हणते, 'बदल ठेवू नकोस.' ती कठोर आहे, पण खरी आहे. जो कुणी ती वाचील त्याला तत्काळ कळेल की इथे काहीतरी टाकून दिले जात आहे. दुसरी म्हणते, 'बदल ठेवले आहेत.' ती मवाळ आहे, आणि खोटी आहे. वाचणाऱ्याला वाटावे की सारे सुरक्षित आहे. टाकून देणे हा निर्णय असू शकतो. टाकून देऊन ठेवल्याचे सांगणे हा निर्णय नव्हे, ती दिशाभूल आहे. त्या मुलाला कुणाला फसवायचे नव्हते. त्याने फक्त यंत्राला एक लहानसे असत्य सांगितले होते. पण यंत्राला सांगितलेले असत्य यंत्रापाशी थांबत नाही. ते पुढच्या पाळीच्या मुलीपर्यंत जाते, तिच्यामार्फत ठेकेदारापर्यंत जाते, आणि शेवटी ज्याला अक्षरओळखही नाही अशा माणसाच्या ताटापाशी येऊन उभे राहते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा कुणी न विचारता सुपरवायझरपुढे उभा राहिला आणि म्हणाला, ती ओळ माझी आहे. नोकरी जाण्याची भीती होती. ती गेली नाही. मग कुणाला तरी फाटकावरच्या वॉचमनची आत-बाहेरची वही आठवली. पुठ्ठ्याच्या त्या वहीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत, रात्री बाहेर पडलेल्या प्रत्येकाची वेळ होती. ती फाईलपुढे ठेवून हिशेब नव्याने मांडला गेला. सोळा जणांचे तास सापडले. सतराव्या माणसाचे नाव एका रात्री वहीत राहून गेले होते. त्याचे तीन तास कुठेच मिळाले नाहीत. सोबत्यांनी साक्ष दिली, ठेकेदाराने ती मानली नाही. बाकीच्यांचे पैसे पुढल्या महिन्यात, म्हणजे दिवाळी होऊन गेल्यावर हाती आले.

त्या मुलाने मला विचारले होते, "मग करायचं काय, फादर? ती चौकट उगाच येतेच ना?" त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर आहे. ती ओळ बंद होण्याच्या क्षणी न लिहिता फाईल उघडण्याच्या क्षणी लिहावी. फाईल उघडते, तारीख-वेळेची सूत्रे आपले गणित मांडतात, आणि त्यानंतर ती ओळ सांगते की यात जतन करण्यासारखे काही नाही. तेव्हा ते खरेच असते, कारण तोवर कुणाही माणसाने काही लिहिलेले नसते. पुढे कुणी एका चौकोनात जरी आकडा टाकला, तरी एक्सेल ती खूण आपोआप काढून टाकते आणि बंद करताना विचारते. हा उपाय निर्दोष नाही. चंचल सूत्रांमुळे कधी विनाकारण प्रश्न येईलही. पण त्याची चूक सुरक्षित बाजूची आहे. अकारण विचारणे परवडते, सकारण गप्प राहणे परवडत नाही.

आणखीही मार्ग आहेत. जी फाईल फक्त पाहण्यासाठी आहे ती केवळ वाचनासाठी उघडेल अशी ठेवावी. जी फाईल नमुना आहे ती साच्याच्या स्वरूपात साठवावी, म्हणजे उघडताना तिची प्रत उघडते आणि मूळ अबाधित राहते. घड्याळाची फाईल आणि माणसांची फाईल एकत्र करू नये. आणि मॅक्रोने मुद्दाम काही टाकून द्यायचेच असेल, तर फाईलच्या पहिल्याच पानावर मराठीत ठळक लिहावे की येथे लिहिलेले जतन होत नाही. मॅक्रो सर्व यंत्रांवर चालतातच असेही नाही. २०२२ सालापासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो आपोआप रोखण्यास आरंभ केला आहे. म्हणजे तीच फाईल एका संगणकावर विचारील आणि दुसऱ्यावर विचारणार नाही. अशा फाईलवर कुणाची मजुरी ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

तक्त्याच्या मौनाने मोठमोठ्यांनाही चकवले आहे. २०२० सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या ध्यानात आले की कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळून गेले आहेत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलीत भरली जात होती. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाहीत. पुढच्या ओळी गळून पडल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील माणसांचा शोध घेण्यास विलंब झाला. गोष्ट मोठ्या देशाची आणि आपली एका गोदामाची. पण जात एकच. यंत्र चुकले यापेक्षा चुकताना ते बोलले नाही, ही खरी आपत्ती.

आपल्या देशातील कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला. दुसऱ्या बाजूने, २०१७ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या मेघसाठ्यातील फाईली क्षणोक्षणी आपोआप जतन करण्याची सोय आणली. तिथे 'जतन न करता बंद' ही गोष्टच उरत नाही. चुकून टाकलेला आकडाही तत्काळ कायम होतो आणि मागे जायचे तर जुनी आवृत्ती शोधावी लागते. एका टोकाला सारे विसरणारी फाईल, दुसऱ्या टोकाला काहीच न विसरणारी. मधल्या जागेत 'ठेवू की नको' असे विचारणारी ती लहानशी चौकट उभी आहे.

हिशेबाच्या जुन्या परंपरेला ही मधली जागा ठाऊक होती. १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाचा गणितावरील ग्रंथ छापला गेला; दुहेरी नोंदीची पद्धत त्यात सविस्तर सांगितलेली आहे. त्या पद्धतीत चुकलेली नोंद खोडायची नसते. तिच्याविरुद्ध उलट नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांची शिस्त याच कुळातली. कॅनन कायद्याच्या ५३५व्या कलमाप्रमाणे बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीपाशीच त्या व्यक्तीच्या पुढील आयुष्यातील दृढीकरण, विवाह इत्यादींची टीप करायची असते. जुनी ओळ जागच्या जागी राहते, नवी ओळ तिच्या शेजारी येऊन बसते.

इतिहासालाही मी याच न्यायाने पाहतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि त्यानंतर वज्रेश्वरीचे हे मंदिर बांधले. त्या मोहिमेचे कागद पेशवे दफ्तरात राहिले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, म्हणून आपण ते वाचू शकतो. या घटनेची आठवण या प्रांतातील हिंदूंच्या घरी एक आहे आणि ख्रिस्ती घरी दुसरी. दोन्ही आठवणी लिहिलेल्या राहिल्या, म्हणूनच आज त्या टेकडीच्या पायथ्याशी दोन्ही घरची माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकतात. कुणी एका बाजूचे पान न विचारता बंद केले असते, तर उरले असते ते फक्त संशयाचे धन.

गोदामांत, दुकानांत, पतपेढ्यांत, शाळांच्या कार्यालयांत संगणकापाशी बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. ती ओळ अवश्य लिहा. ती लिहिता येणे ही विद्या आहे आणि विद्येला भिऊ नये. पण लिहिण्यापूर्वी पाहा, या फाईलमध्ये कुणाचे काम आहे. केवळ घड्याळाचे असेल तर खुशाल गप्प करा. एकाही माणसाचे बोट तिथे लागणार असेल, तर यंत्राला बोलू द्या. आणि टाकायचेच असेल तर 'टाक' असे लिहा. 'ठेवले आहे' असे लिहू नका. जे त्यांना कामावर ठेवतात त्यांनीही लक्षात घ्यावे की कम्प्युटर खोटे बोलत नाही हे खरे असले, तरी त्याला खोटे सांगता येते, आणि ते तो प्रामाणिकपणे पुढे पोहोचवतो. म्हणून जिथे माणसाची मजुरी आहे, तिथे फाईलच्या शेजारी एक पुठ्ठ्याची वही असू द्यावी, आणि वही अपुरी पडली तर सोबत्याचा शब्दही ऐकावा.

त्या गोदामात आता ओव्हरटाईमची फाईल वेगळी केली आहे. ती बंद करताना विचारते. कधीकधी विनाकारणही विचारते. विचारू द्यावे.